डायवर साईडची लाईट

ट्रकचा मालक आपल्या ट्रकचं सगळं बघतो, फक्त मागची लाईट बघत नाही. टायर बघतो, स्प्रिंगचे पाटे बघतो, ऑइल बोटावर घेऊन बघतो, पुढच्या काचेवर चिकटलेली माशीसुद्धा त्याला दिसते. मागची लाईट मात्र रस्त्यावरच्या सगळ्या जगाला दिसते आणि ज्याची गाडी आहे त्यालाच दिसत नाही. गाडी उभी करून, पार्किंगची लाईट लावून, खाली उतरून बघता येतं, हे मान्य. पण ब्रेकची लाईट? तिच्यासाठी पाय ब्रेकवर पाहिजे आणि डोळे गाडीच्या मागे. एवढा लांब माणूस देवाने घडवलेला नाही. म्हणून ते दोघांचं काम आहे, आणि आयुष्यात ज्या ज्या गोष्टींनी माझ्या डोक्याला ताप दिला त्यांत हे दोघांचं काम पहिल्या नंबरावर आहे.

आमच्या घरी ते काम मी आणि बायको करायचो. मी आधी दुसऱ्याच्या गाडीवर डायवर होतो. स्वतःचा जुना ट्रक घेऊन धसईजवळच्या आमच्या गावी दारात आलो, तेव्हा तिने गाडीला ओवाळलं, नारळ फोडला आणि ती घरात जायला वळली. तेवढ्यात मी म्हटलं, "थांब गो, मागं जाऊन उभी राहा, लाईट लागते का बघ." ओवाळणीचं ताट हातात घेऊनच ती मागे गेली. मी ब्रेक दाबला आणि ओरडलो, "लागली का?" तिकडून उत्तर आलं, "लागली!" तेव्हापासून गाडीची मागची बाजू तिची झाली. पोरगा मोठा झाला, भिवंडीच्या गोदामात कामाला लागला, तिकडेच खोली घेऊन राहिला. पण घरी असताना त्यालाही तिने हे काम कधी करू दिलं नाही. धंद्यावर निघण्याआधी मी केबिनमध्ये आणि ती मागे. "क्लीनर साईड?" "लागली." "डायवर साईड?" "लागली." क्लीनर साईड म्हणजे डावी, डायवर साईड म्हणजे उजवी. माझ्या गाडीवर क्लीनर कधीच नव्हता, पण बाजूचं नाव तेवढं राहिलं.

धंदा पेंढ्याचा. भात झोडून झालं की डोळखांबच्या पाड्यापाड्यांतून पेंढा भरायचा, किन्हवली, सरळगाव, मुरबाड करत कल्याणच्या पलीकडच्या तबेल्यांत नेऊन टाकायचा. म्हशींना बारा महिने भूक असते, त्यामुळे धंदा बरा आहे. पण पेंढ्यासारखा नालायक माल दुसरा नाही. वजनाला हलका आणि आकाराला राक्षस. भरणारे भाऱ्यावर भारे रचत केबिनच्या वर जातात आणि तरी समाधान झालं नाही की मागच्या फाळक्याच्या, म्हणजे मागच्या लोखंडी झडपेच्या, बाहेर भारे ओढतात. मग पेंढा खाली लोंबायला लागतो, आणि एखाद्या पोरीच्या झिपऱ्या डोळ्यांवर याव्यात तसा दोन्ही मागच्या लाईटींवर येतो. मी प्रत्येक खेपेला कोयता घेऊन मागे जायचो आणि लोंबणारा पेंढा कापून काढायला लावायचो. प्रत्येक खेपेला भरणारे हसायचे.

"अवो, मागून कोण बघतंय तुमच्या गाडीला?" एक जण एकदा म्हणाला.

"मागचाच बघतो रे!" मी ओरडलो. "पुढच्याला काय करायचीय मागची लाईट?"

त्यांना ते पटलं असं मला कधी वाटलं नाही. पण कापायचे. मी तिथून हलत नाही हे त्यांना माहीत झालं होतं.

त्या वर्षी दसऱ्याला मी गाडीला नवा रंग मारून घेतला. आमच्याकडे दसऱ्याला गाडी म्हणजे नवरीच. मुरबाडच्या पेंटरला बजावून सांगितलं की कुठे बोटभर जागा सोडू नकोस, मागची पट्टीसुद्धा रंगव. मागची पट्टी म्हणजे फाळक्याखालची ती आडवी लोखंडी पट्टी, जिच्यावर दोन्ही कडांना लाईटी बसवलेल्या असतात. त्याने लाईटी खोलल्या, पट्टीला लाल रंगाचे दोन हात दिले, वाळल्यावर लाईटी परत आवळल्या. गाडी अशी चमकत होती की बायकोने हळदकुंकू लावताना विचारलं, "एवढी तांबडी कशाला केली?" मला राग आला होता, पण सणाचा दिवस म्हणून गप्प बसलो.

पुढे पेंढ्याचा हंगाम सुरू झाला, आणि एका खेपेला दिवेलागणीच्या वेळी मी सरळगावच्या अलीकडे पोचलो. पुढे गतिरोधक होता. भरलेली गाडी होती, म्हणून लांबूनच ब्रेक दाबला. मागे टायर घासल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ डांबरावर पत्र्याचा खणखणाट. गाडी कडेला घेऊन मी उडी मारली. माझ्याच वयाचा एक दूधवाला रस्त्याच्या कडेला बसला होता, मोटारसायकल आडवी, एका कॅनचं झाकण उडालेलं, आणि सगळं दूध माझ्या मागच्या टायरापर्यंत वाहत आलेलं. त्याचा गुडघा फुटला होता. मी हात दिला तर त्याने तो झटकला.

"मेलो असतो ना रे आता!" तो ओरडला. "लाईटी लावता येत नाय तर गाड्या कशाला काढता?"

मी वळून बघितलं. दोन्ही लाईटी चालू होत्या, लालभडक. "दादा, दोनी चालू हायेत की."

"आता हायेत! तवा नव्हती. कडेची एकच दिसली मला. वाटलं कुणी मोटारसायकलवाला कडेनं चाललाय. उजवीकडून काढाया गेलो तर समोर हा फाळका! मी काय आंधळा हाय का?"

मी तेव्हा त्याच्याशी वाद घातला. पण गाडी परत चालवताना त्याचं बोलणं डोक्यातून जाईना, आणि जसजसा विचार करत गेलो तसतसं मला सगळं उलगडत गेलं. अंधारात मागून येणाऱ्याला ट्रक दिसत नाही, लाईटी दिसतात. दोन लाईटी दिसल्या तर तो मनातल्या मनात त्यांच्यामध्ये ट्रक उभा करतो. उजवी विझली आणि डावी एकटी उरली, तर तीच गाडी त्याच्यासाठी कडेने जाणारी मोटारसायकल होते. तो बापडा तिला उजवीकडून ओलांडायला जातो, आणि ज्या जागेला तो मोकळा रस्ता समजतो तिथे माझा लोखंडाचा फाळका असतो. हा दूधवाला गुडघ्यावर निभावला, पुढचा निभावणार नव्हता. त्याच रस्त्याने मुरबाडच्या कंपन्यांतून सुटलेली पोरं रोज दोघं-दोघं, तिघं-तिघं बसून घरी येतात. मला त्यांची तोंडं दिसायला लागली.

दुसऱ्या दिवशी निघण्याआधी मी बायकोला मागे उभं केलं. पार्किंगची लाईट लावली, स्वतः उतरून बघितली. दोन्ही झकास. मग वर चढलो, ब्रेक दाबला, सोडला.

"क्लीनर साईड?"

"लागली."

"डायवर साईड? नीट बघ गो, डायवर साईड!"

"लागली म्हनलं ना!"

आता ती लागली म्हणते आणि दूधवाला विझली म्हणतो. मी मुरबाडला वायरमनकडे गेलो. मागच्या लाल लाईटीचा बल्ब दोन तारांचा असतो. एक बारीक तार पार्किंगची, ती मंद जळते. दुसरी जाड, ती ब्रेक दाबला की भडकते. वायरमन म्हणाला, जाड तार गेली असणार. बल्ब काढून बघितला तर दोन्ही तारा शाबूत. तरी त्याने बदलला. घाईत चोवीस व्होल्टच्या गाडीला बाराचा बल्ब लावला, तो फट्‌दिशी उडाला, आणि वर मलाच म्हणतो, "बघा, मी म्हनलो ना, बल्ब जातायत तुमचे!" मी कपाळाला हात लावला. मग योग्य बल्ब लागला. मग त्याने तपासायच्या दिव्याचा चिमटा गाडीच्या चेसिसला लावला, टोक होल्डरमध्ये खुपसलं, तर दिवा लख्ख पेटला. "करंट बरोबर येतोय," असं म्हणून त्याने हात झटकले. करंट येतो कसा ते त्याने बघितलं. आलेला करंट परत जातो कुठून, हे ना त्याने बघितलं ना मला सुचलं.

काही दिवसांनी तोच दूधवाला मला ओलांडून पुढे गेला आणि थांबून हात केला. "अजून तशीच हाय तुझी लाईट!"

मी होल्डर बदलला. घरी: "लागली." दूधवाला: "विझते रे बाबा." मी वायर बदलली, केबिनपासून थेट मागेपर्यंत नवी ओढली. घरी: "लागली." दूधवाला आता बोलेना, नुसती मान हलवून पुढे जायचा, ते मला जास्त लागायचं. शेवटी अख्खी लाईट नवी बसवली. बाजारात आजकाल मिळतात त्या लाईटींची काच पहिल्याच उन्हाळ्यात सरबतासारखी गुलाबी पडते, हे माहीत असून बसवली. घरी आलो, तिला मागे उभं केलं, ब्रेक दाबला, सोडला. "लागली." मी हात टेकले होते. गाडी घरी असताना शहाण्यासारखी वागते आणि रस्त्यावर गेली की मला तोंडघशी पाडते, असं मला खरंच वाटायला लागलं. खड्ड्यांनी कुठेतरी कनेक्शन सुटत असेल, असं म्हणून मी सगळ्या रस्त्याला आणि रस्ता करणाऱ्यांना शिव्या घातल्या.

गाडी चालवणं अवघड झालं. ब्रेकवर पाय ठेवायचा म्हटलं की आधी आरशात बघायचो, मागे कुणी दुचाकीवाला आहे का. असला तर पाय वरच राहायचा. हळू करावं तर ब्रेक, आणि ब्रेक दाबला तर कदाचित त्याच्यापुढची लाईट विझणार. अंधार पडायच्या आत मुरबाड गाठायचं म्हणून भरणाऱ्यांच्या मागे लागायचो, तर ते आणखी हळू भरायचे. घरी आलो की भातात खडा लागायचा. एकदा नाही, त्या हंगामात कितीदा तरी. "तांदूळ निवडतेस का नुसते हलवतेस?" मी ताटावरून ओरडायचो. ती काही बोलायची नाही. पूर्वी असं बोललो असतो तर तिने मला दोन दिवस भाकरीवर ठेवलं असतं.

मग ती बहिणीकडे हळदीला गेली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मला निघायचं होतं, आणि मागे उभं राहायला कुणी नव्हतं. शेजाऱ्याला हाक मारणार होतो, पण तो शेतावर. मग मी कुंपणातली एक काठी उपसली, सीट आणि ब्रेकच्या मध्ये ताठ बसवली, ब्रेक दाबलेला राहिला. पार्किंगची लाईट चालू होतीच. मी खाली उतरलो आणि मागे गेलो.

क्लीनर साईड भडकलेली. डायवर साईड मेलेली. ब्रेकची नाही, पार्किंगची नाही, काहीच नाही. मी धावत पुढे गेलो, काठी काढली, मागे आलो तर डायवर साईड परत मंद लाल, जशी काही तिची चूकच नाही. काठी लावली, विझली. काढली, लागली. ब्रेक दाबला की विझायची! म्हणजे ज्या घटकेला मागच्याला ती हवी, नेमक्या त्याच घटकेला. दूधवाला अक्षर न् अक्षर खरं बोलत होता.

मग मी बसून नीट विचार केला, जो आधीच करायला हवा होता. बल्बला करंट येतो वायरीने, पण परत जातो लाईटीच्या पत्र्यातून, बोल्टातून, पट्टीतून, चेसिसमधून. त्याला आम्ही अर्थ म्हणतो. तो रस्ता बंद असेल तर आलेला करंट अडतो. मी एक सुट्टी वायर घेतली, एक टोक लाईटीच्या पत्र्याला टेकवलं, दुसरं चेसिसच्या उघड्या लोखंडाला. काठी लावलेलीच होती. डायवर साईड अशी पेटली की मी डोळे मिटले. बोल्ट खोलला. खाली पेंटरचा लाल रंग, दोन्ही हात, वॉशरच्या खाली, बोल्टाच्या भोकात, कुठे बोटभर जागा न सोडता. माझ्या सांगण्याप्रमाणे. रंगातून जेमतेम पार्किंगपुरता करंट निसटत होता. जाड तारेचा भार आला की दोन्ही तारा विझत होत्या. क्लीनर साईडला बोल्ट आवळताना रंग खरवडला गेला असणार, म्हणून ती वाचली. मी पॉलिश पेपरने लोखंड पांढरं होईपर्यंत घासलं, ग्रीसचं बोट लावलं, बोल्ट आवळला. बल्ब, होल्डर, वायर, अख्खी लाईट बदलून झाली होती, आणि दुखणं होतं नखाएवढ्या रंगात.

जीव भांड्यात पडला, तो थोडाच वेळ. कारण हात पुसताना डोक्यात आलं: मग "लागली" कोण म्हणत होतं?

ती सगळी रात्र आणि ती सगळी खेप मी धुमसत होतो. मी कुणाचं तरी पोर मारणार होतो, आणि ही मागे उभी राहून नुसतं तोंडाला येईल ते ओरडत होती! कंटाळा आला असेल, चुलीवर काही असेल, म्हणून न बघता लागली, लागली. दूधवाल्याला मी खोटा ठरवला तो हिच्या शब्दावर. ती परत आली तेव्हा मी काही बोललो नाही. तिला रंगेहाथ पकडायचं ठरवलं होतं. संध्याकाळी मी मागच्या दोन्ही लाईटींचे बल्ब काढून खिशात टाकले, केबिनमध्ये बसलो आणि हाक मारली. ती पदराला हात पुसत आली आणि मागे उभी राहिली.

मी ब्रेक दाबला, आणि तसाच दाबून धरला. काही उत्तर नाही. "लागली का?" तरी नाही. आरशात तिच्या साडीचा काठ दिसत होता, हलत नव्हता. मी पाय उचलला. ब्रेकची हवा सुटली, फुस्स.

"लागली!" ती ओरडली.

"दोनी?"

"दोनी लागल्या."

मी उतरलो तो शिव्या तोंडात घेऊनच. मागे गेलो. ती गाडीकडे तोंड करून उभी होती. बघत नव्हती असं नाही. बघत होती, अगदी मान पुढे काढून, कपाळाला आठ्या घालून, जीव लावून बघत होती. फक्त ती लाईटीच्या हातभर बाजूला बघत होती, जिथे पट्टीवर रंग होता. लाल.

तोंडातली शिवी तिथेच राहिली. मी खिशातून दोन्ही बल्ब काढून तिच्या तळहातावर ठेवले. तिने ते बोटांनी चाचपले आणि तिला कळलं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"पावसापासून जास्त. आदी नुसतं धुरकट होतं." ती बल्ब परत देईना. "दिवसाचं थोडं कळतं. सांजेला नाय कळत. लाईट लागली का नाय ते हवेवरनं सांगायचे. हवा सुटली की तुमी पाय उचलला, म्हंजे दाबला व्हता. दाबला तर लागनारच ना."

"अगो, पण विझत होती! ब्रेक दाबला की विझत होती! माणूस मेला असता मागं!"

ती रडायला लागली, आणि मला आणखी चीड आली, कारण आता ओरडूनही काही उपयोग नव्हता. "मला सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं असतं तर तुमी दुसरं कुनी आनून उभं केलं असतंत मागं."

"मग केलं असतं!"

"हां," ती म्हणाली. "तेच."

मी अंगणात उभा राहिलो. भांडायला काही सापडेना. एवढी वर्षं गाडी माझी, कर्जाची सही माझी, लायसन माझं, फाळक्यावर पेंटरने काढलेलं नाव पोराचं. तिच्या वाट्याला आली होती ती ही मागची जागा आणि एक शब्द. तो सुटू नये म्हणून ती अंधारात हवेच्या आवाजावर उभी राहिली. मला तिचा राग आला होता तो अजूनही गेलेला नाही, हे मी लपवत नाही. पण त्या रागाचं करायचं काय, हेही मला अजून कळलेलं नाही. त्या रात्री भातात खडा लागला, तो मी गिळला.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तिच्या डोळ्यांत बॅटरी मारली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, एक तर पुरता पिकलेला. "इतके दिवस काम कसं केलंत?" त्यांनी विचारलं.

"आवाजावर," बायको म्हणाली. डॉक्टरीणबाई हसल्या, मला हसू आलं नाही.

आधी एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. मग काळा चष्मा, थेंब, चुलीचा धूर नको, पेंढ्याची धूळ नको, ओणवं व्हायचं नाही, असं सगळं. शेजारच्या बायका येऊन स्वयंपाक करून जायच्या आणि भातात एक खडा लागायचा नाही, तरी मला जेवण जात नव्हतं. लाईट मी काठी लावून एकटाच बघत होतो. शेजाऱ्याने दोनदा विचारलं, येऊ का मागं उभा राहायला. मी त्याला नको म्हटलं. तो म्हणाला, काठीपेक्षा माणूस बरा. मी म्हटलं, बरा असेल.

दूधवाला एकदा सरळगावला चहाच्या टपरीवर भेटला. "लागते रे आता तुझी लाईट," एवढंच म्हणाला. मी त्याच्या चहाचे पैसे देऊ लागलो तर त्याने देऊ दिले नाहीत. गुडघा अजून दुखतो म्हणाला.

चष्मा उतरवायची परवानगी मिळाली त्या संध्याकाळी मी निघायच्या तयारीत होतो. काठी सीटवर ठेवली होती. बायको दारातून आली, केबिनचं दार उघडलं, काठी उचलली. "ही कशाला?"

"ब्रेकला."

तिने ती नेऊन सरळ चुलीपुढे लाकडांत टाकली आणि गाडीच्या मागे गेली. जाताजाता तिची कडकड चालू. पट्टीवर हा असला भडक रंग कुणी मारला, काच एवढी फिकी झालीय ती बदलत का नाय, फाळक्यावर पोराच्या नावात पेंटरने शेण खाल्लंय ते कुनाला दिसलं नाय का. मी ऐकत होतो. कितीतरी महिन्यांनी ती मला डोळ्यांनी दिसणाऱ्या गोष्टींवरून बोलत होती. मी पार्किंगची लाईट लावली आणि ब्रेक दाबला.

"क्लीनर साईड?"

उत्तर नाही. सवयीने पाय सैल झाला.

"पाय उचलू नका!" ती मागून ओरडली. "बघू द्या मला."

मी पाय परत दाबला. अंगणात काही आवाज नव्हता, हवेचाही नाही.

"क्लीनर साईड लागली," ती म्हणाली. मग थांबली. थोडी पुढे आली असावी, चपला वाजल्या. "डायवर साईड नाय लागली."

"काय?"

"नाय लागली! पार्किंगची हाय, ब्रेकची नाय. बल्ब गेला तुमचा."

काल काठी लावून बघितली तेव्हा ती लाईट ठणठणीत होती. आता बल्ब शोधा, लाईट खोला, उशीर होणार, अंधारात निघावं लागणार, भरणारे पाड्यावर वाट बघत बसणार. दुसऱ्या कुठल्याही दिवशी मी खाली उतरून बल्बाच्या आणि दुकानदाराच्या सात पिढ्या काढल्या असत्या. मी तसाच बसलो, पाय ब्रेकवर घट्ट दाबून, आणि तिला पुन्हा विचारलं, "लागली का गो?"

"नाय म्हनलं ना!" ती ओरडली.